बोनिफासचे मगरीचे बूट

फिर्मीन मिलांदू त्या दिवशी खरोखरच बूट घ्यायला गेली होती. भाचीचं लग्न महिन्यावर आलं होतं, आणि त्यांच्या बाकोंगो जमातीत लग्नाला जुन्या चपला घालून जाणं म्हणजे घरच्यांच्या तोंडाला काळं फासणं. वय बावन्न, बाजारात कसाव्याचा पाला कुटून विकायचा धंदा. दिवसभर उखळाशी उभं राहून पाय फताडे झाले होते, तरी तिला टाचेचेच हवे होते, लाल नाहीतर मोरपंखी. बोनिफासची लेक होती ती.

बोनिफास मिलांदू कोण, हे ब्राझाव्हिलच्या त्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल. आठवडाभर छापखान्यात खिळे जुळवणारा हा माणूस रविवारी प्रार्थना आटोपून रस्त्यावर उतरला की मोटारी थांबत. नटणं हाच धर्म मानणाऱ्या सापर मंडळींचा तो गुरू. अंगावर एका वेळी तीनच रंग, चौथा दिसला तर चेल्याला घरी पाठवायचा. तपकिरी मगरीच्या कातड्याचे बूट त्याने अकरा वर्षं पोटाला चिमटा काढून पॅरिसहून मागवले होते. अंगणाबाहेर तो कधी अनवाणी गेला नाही. "हे घालूनच मला मातीत घाला," असं त्याने दोन्ही लेकरांना बजावून ठेवलं होतं.

चार वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा शवागारात त्याला शेवटचं नटवायचा मान त्याच्या लाडक्या चेल्याने, आरिस्तीद किंबेंबेने, रडून मागून घेतला. पेटीला चेहऱ्यापुरतीच काच होती. बापाचा चेहरा पाहून फिर्मीनने हंबरडा फोडला. पाय कुणी पाहिले नाहीत.

आता त्याच आरिस्तीदचं बुटांचं दुकान होतं. एवढंसंच, पण ऐटबाज. दोन उभे आरसे, जांभळ्या मखमलीचा बाक, काचेच्या कपाटात मोजके जोड.

"याया फिर्मीन!" आरिस्तीद धावत पुढे आला. मोठ्या बहिणीला तिकडे याया म्हणतात, आणि गुरूची लेक ती मोठी बहीणच. "बस ना. गुरूची पोर माझ्या दुकानात! आज दिवस चांगला उगवला म्हणायचा."

"गोड बोलू नकोस, भाव वाढवशील," ती हसून म्हणाली. "या फताड्या पायांत मावतील असे काढ."

तो आतल्या खोलीत मापाचे शोधायला गेला. फिर्मीन आरशात स्वतःला न्याहाळत होती, तेवढ्यात तिची नजर कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. तपकिरी मगर. टाचा नव्या होत्या, रंगही जरा गडद केला होता. ती उठली, डावा बूट उतरवला आणि नाडीखालची जीभ वर केली. आत हिरवा दोरा होता, सात वेडेवाकडे टाके. शाळेत असताना कुत्र्याने ती जीभ चावली होती आणि घरात तपकिरी दोरा नव्हता, म्हणून बापाचा ओरडा खाऊन तिनेच हिरव्याने शिवली होती. "आत कोण बघतंय," असं शेवटी बापच म्हणाला होता.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण फिर्मीनने बूट होता तसा ठेवला आणि बाकावर येऊन बसली. आरिस्तीदने तीन जोड आणले, तिने तिन्ही घालून पाहिले. "बोटं दुखतात रे. पुन्हा येईन," म्हणाली आणि बाहेर पडली. घरी जाऊन मात्र उखळात पाला असा कुटला की मुसळ मधोमध चिरलं.

"आपण आपल्या बापाला, पापांना, अनवाणी पुरलं, सिल्वेर," तिने भावाला सांगितलं.

सिल्वेर ताडकन उठला. "चल पोलिसांत."

"पोलीस त्याला आत घालतील. मला तो बाहेर हवाय, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तू तोंड शिवून बस."

पुढचे पंधरा दिवस ती एक दिवसाआड दुकानात जात राहिली. कधी सुक्या माशांत शिजवलेला पाला न्यायची, कधी भुईमुगाची चटणी. आरिस्तीद बोटं चाटून खायचा. इकडे बापाच्या जुन्या साथीदारांना ती घरोघर जाऊन सांगत होती, "शनिवारी सिल्वेरला लग्नाचे बूट घ्यायचेत. मला बाईमाणसाला काय कळतंय? तुम्ही या."

शनिवारी दुपारी दुकान फुलून गेलं. पिवळे, गुलाबी, पांढरे सूट, छड्या, पाइप. सिल्वेरला घरीच ठेवून आलेली फिर्मीन बाकावर मधोमध बसली.

"वरच्या फळीवरचे मगरीचे दाखव."

आरिस्तीदचा चेहरा जरासा उतरला. "ते... ते गेले गं विकले."

"अरे, सकाळीच तर मला भाव सांगत होतास!" म्हातारे पापा न्कूंकू छडी आपटत म्हणाले, तशी सगळी हसली.

बूट खाली आले.

"कुठले रे?"

"पॅरिसचे. गेल्या महिन्यात आले. कुणाच्या पायात गेलेले नाहीत."

"वा! सिल्वेरचं माप तुझंच. घाल बघू, आणि चालून दाखव. बुटाची चाल बघितल्याशिवाय मी घेणार नाही."

चाल म्हटल्यावर मंडळींनी टाळ्यांचा ठेका धरला. चाल दाखवायला नाही म्हणणारा सापर अजून जन्मायचा होता. आरिस्तीद बसला. त्याने स्वतःचे बूट काढले, मोजे सारखे केले. उजवा पाय मगरीच्या बुटाजवळ नेला आणि त्याची बोटं आत वळली. पुन्हा नेला, पुन्हा वळली. कपाळावरून घाम निथळायला लागला.

"पाय सुजलाय माझा."

"मग डावा घाल," फिर्मीन म्हणाली.

टाळ्या हळूहळू थांबल्या. पापा न्कूंकू पुढे वाकले. "आरिस्तीद, बुटाला भितोस?"

"याया," तो पुटपुटला, "सगळ्यांसमोर नको गं. पाया पडतो."

"का रे? कुणाच्या पायात गेलेले नाहीत ना?" तिने बूट उचलला, जीभ वर केली आणि बापाच्या साथीदारांपुढे एकेकापुढे धरत गेली. "हा हिरवा दोरा माझा. हे टाके माझे. याने माझ्या बापाचा मेल्यावर पाय धरला तो नमस्काराला नाही, बूट उपसायला! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लंस रे आरिस्तीद, आणि वर माझ्या हातचा पालाही!"

कुणीतरी त्याची गचांडी धरली. फिर्मीनने तो हात झटकून टाकला. "मारायचं नाही. मार खाल्ला की माणूस सुटतो. उचल ते बूट. डोक्यावर घे."

भर दोन वाजता, तापलेल्या डांबरावरून, आरिस्तीद किंबेंबे अनवाणी निघाला. डोक्यावर मगरीचे बूट, मागे फिर्मीन, तिच्यामागे रंगीत सुटांची मिरवणूक. बाजारातल्या बाया पाट्या सोडून उठल्या. "काय गं, कुणाचे?" "बोनिफासचे!" ही दोन वाक्यं त्याच्यापुढे पळत गेली. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत चालत होता आणि फिर्मीनला ते बघवत होतं, चांगलंच बघवत होतं.

मिरवणूक बोनिफासच्या कबरीपाशी थांबली. कबरीवर ठेवायची ताटं-वाट्या तिकडे फोडूनच ठेवतात, म्हणजे कुणी पळवत नाही. फिर्मीनने पाला चिरायची सुरी त्याच्या हातात दिली. "काप. तळ कापून काढ."

"याया, असे बूट अख्ख्या शहरात नाहीत..."

"म्हणूनच. काप."

तो रडत कापत राहिला. मगरीचं कातडं चिवट, त्याला बराच वेळ लागला. ती ऊन अंगावर घेत शेवटचा टाका सुटेपर्यंत उभी राहिली.

आठवड्याने दुकानाला कुलूप लागलं. आरिस्तीद समुद्राकाठी प्वांत-न्वारला निघून गेला. लग्न झालं, फिर्मीन जुन्याच चपला घालून नाचली. पाद्रीबाबांनी तिला बोलावून क्षमेच्या चार गोष्टी सांगितल्या. तिने मान डोलावली. घरी सिल्वेर म्हणाला, "झालं ना याया आता? भरपाई झाली."

"कसली भरपाई? पापा अजून अनवाणीच आहेत."

दुसऱ्या वर्षी तिला कळलं की आरिस्तीदने तिकडे नवं दुकान टाकलंय आणि बरं चाललंय. बापाच्या पुण्यतिथीला ती आगगाडीत बसली. दुकानात शिरली तेव्हा चार गिऱ्हाइकं होती. आरिस्तीदच्या हातातला जोड खाली पडला.

"दाखव," ती बाकावर बसत म्हणाली.

तो गुडघ्यांवर बसला आणि तिच्या फताड्या पायांत एकेक जोड घालू लागला. तिने संध्याकाळपर्यंत एकोणीस जोड घातले आणि काढले. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "कोण या बाई?" आरिस्तीद म्हणाला, "जुनी ओळख आहे," आणि विसावा जोड आणायला उठला.

एकही न घेता ती परत आली. आजवर चारदा जाऊन आलीये. तिकिटाला पैसे कमी पडले तर पाला जास्त कुटते.