बाबांना विचारलेला प्रश्न

मिल्टन गावातल्या फार्मसीत मी काल दातदुखीवर गोळ्या शोधत होते. खोक्यावर ‘असिटॅमिनोफेन’ हे नाव वाचलं आणि हॅमिल्टन शहरातल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीतला जंतुनाशकाचा वास एकदम आठवला.

बाबा तेव्हा नाशिकहून माझ्याकडे राहायला आले होते. त्यांची दाढ दुखत होती, म्हणून मी इथल्या गोळ्या आणून दिल्या होत्या. सोबत आणलेल्या पॅरासिटामॉलच्या गोळ्याही ते मला न सांगता घेत राहिले. दोन्ही नावांचं औषध एकच आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. उलट्या थांबेनात, तेव्हा मी त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. यकृत वाचावं म्हणून उताऱ्याचं सलाइन लावलं गेलं. ते पुढे पूर्ण बरे झाले, पण त्या दुपारी कुणीच खात्री देत नव्हतं.

नर्सने नियमाप्रमाणे विचारलं, त्यांना जीव द्यायचा होता का? भाषांतर मलाच करायचं होतं. स्वतःच्या वडिलांना हे कसं विचारतात, ते सुचेना.

“बाबा, तुम्ही मुद्दाम घेतल्या का गोळ्या?”

बाबा हसले. “अगं, जीव द्यायला कुणी व्हिसा काढून येतं का?” मग सलाइनच्या नळीकडे बघत म्हणाले, “इथे डेंटिस्ट परवडत नाही, असं तू फोनवर कुणाला तरी सांगत होतीस. म्हटलं, परत जाईपर्यंत कळ काढू.”

नर्सने विचारलं, ते काय म्हणाले?

“नो,” मी म्हणाले. बाकीचं तिला सांगायची मला लाज वाटली.