झेरॉक्सच्या दुकानातली भिंत

पेणला एसटी स्टँडसमोर एका बाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. कागद हातात देताना त्या गिऱ्हाइकाला हमखास विचारतात, "घरात कोण चित्रं काढतं काय?" कुणी हो म्हटलं की लगेच, "मग आणा की! आपली भिंत हाय."

त्या भिंतीवर रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या एकाची पेन्सिलची चित्रं आहेत. मधोमध वडखळकडच्या मिठागरात राबणाऱ्या एका मावशींनी रंगवलेले खाडीतले पक्षी आहेत. चित्राखाली नाव आणि गाव लिहिल्याशिवाय बाई ते टांगत नाहीत.

परवा मी तिथे असताना एक रिसॉर्टवाले आले. त्यांना सगळे पक्षी विकत हवे होते.

"फक्त खालचं नाव काढा. आम्ही तिथे 'कोकणची लोककला' लिहू."

मावशी नेमक्या नवं चित्र घेऊन आल्या होत्या. बाईंनी मशीन बंद केलं आणि त्यांनाच विचारलं, "मावशी, तुझी चित्रं हायत. तू सांग गो."

मावशी म्हणाल्या, "काढलीत मी. मग नाव कशाला काढू?"

"ऐकलंत ना साहेब? नावासकट न्या, नायतर इथं बरी हायत."

ते काही न घेता गेले. मावशींनी स्केचपेन मागून घेतलं आणि नव्या चित्राखाली नाव लिहिलं, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरांत. बाईंनी स्टुलावर चढून ते चित्र सगळ्यांच्या वर लावलं.

मी पेणचा आहे, हे त्या दिवशी कुणालातरी मुद्दाम सांगावंसं वाटलं.