तीनशेचा पंखा

अन्नपूर्णा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सध्या तोच येतो. नुकताच आयटीआय करून बाहेर पडलेला इलेक्ट्रिशियन, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. काम नीट करतो. बोलतो मराठी, पण पैशाची गोष्ट आली की छताकडे बघत हिंदीत शिरतो.

परवा ऑफिसातून येऊन मी सोफ्यावर आडवा झालो होतो आणि पंखा बंद. त्याने स्टुलावर चढून पाहिलं.

“कंडेन्सर गेलाय, काका. सगळे मिळून तीन सौ होतील.”

मी काही म्हणालो नाही. बोलण्याचंही त्राण नव्हतं.

“चलो, ढाई सौ द्या.”

मी डोळे मिटले.

“दो सौ, बस. याच्या खाली मला नाही परवडणार, काका.”

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की माझा थकवा त्याला घासाघीस वाटतोय. आमच्या बिल्डिंगने त्याला एवढं तर शिकवलंच होतं.

मी उठून बसलो. “अरे, तीनशेच घे.”

तो स्टुलावरच थबकला. माझ्याकडे बघत, जरा सावधपणे म्हणाला, “म्हणजे अजून काय काय बिघडलंय?”