हिवाळ्यातल्या विजेचा मणी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. हैदराबादेहून विज्ञानाची पदवी घेऊन औरंगाबादला परतलो, तेव्हा आपल्याला सगळं कळतं असं मला मनापासून वाटायचं. वडील बिजलीघरात लाइनमन होते. सहीच्या जागी अंगठा लावायचे.

त्याच पौषात भर दुपारी ढग खाली उतरले. पाऊस नाही, वारा नाही. एकदाच लख्ख झालं, एकच दणका बसला आणि हर्सूलच्या रस्त्यावरची तार तुटून खाली आली. तिला चिकटून एका गवळ्याची म्हैस मेली. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या हातात नोटीस पडली: तुम्ही मारलेला जोड कच्चा होता, म्हणून तार तुटली, नोकरीवरून का काढू नये, याचा तीन दिवसांत लेखी जबाब द्या.

निजामाचं राज्य, जबाब उर्दूत लिहायचा, म्हणजे मीच लिहायचा. मी ऐटीत बसलो.

"अण्णा, वाऱ्यानं तुटली असं लिहू."

"वारं कुठं व्हतं?"

"मग काय लिहू? वीज डोळ्याचं पातं लवेपर्यंत असती. तेवढ्यात तांब्याची तार वितळत नसती. त्यात चमकली एकदाच."

"एकदाच चमकली म्हणून तर तुटली," असं म्हणत त्यांनी फळीवरून बिस्किटांचा डबा काढला. आत तारांचे तुकडे होते, बोट-बोटभर. घरात हा डबा आहे हे मला माहीत होतं. त्यात काय आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"हे बघ, ही ताणानं तुटलेली. शेवईवानी निमुळती झाली. ही पावसाळ्यातल्या विजेची. नुसते फोड आल्यात, तार शाबूत. पावसाळ्यातली वीज लई बडबडी. धा ठिकाणी कडाडती, चाटती अन् जाती. हिवाळ्यातली येती कमी. पर आली की लवकर हालत नाय, तारंवर बसून राहती." मग त्यांनी कोपऱ्यात उभा केलेला हर्सूलचा दोन हात लांब तुकडा आणला. टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा गोल मणी होता. तांबं वितळून थिजलेलं. "अन् ह्यो माझा जोड."

जोड मण्यापासून हातभर अंतरावर, जसाच्या तसा होता. मी दौत पुढं ओढली.

"लिही आता," ते म्हणाले. "का अजून बुकात बघायचंय?"

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. माझा एक शब्द त्यात घातला नाही. खाली त्यांनी अंगठा उठवला.

कचेरीत इंजिनियरसाहेबांनी आमच्यासमोर जबाब वाचला, तुकडा उजेडात धरला. "ये जोड किसका है?"

"माझाच, सरकार."

साहेबांनी दोन शिपायांना बोलावलं. "खींचो इसको." दोघांनी पाय रोवून दोन्हीकडून ओढलं. वडील दुसरीकडे बघत होते. मी मात्र जोडावरची नजर काढली नाही. जोड तसूभरही सरकला नाही. साहेबांनी पुन्हा एकदा मण्यावरून अंगठा फिरवला, म्हणाले, "सोळा साल से तुम यही देख रहे हो?" आणि नोटीस रद्द केल्याचं तिथंच कागदावर लिहिलं.

मी पुढं बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हिवाळ्यातली वीज मोजकी असते, पण एकेक जास्त वेळ वाहते, म्हणून तारा वितळवते, हे मला छापील स्वरूपात फार उशिरा वाचायला मिळालं. ते वाचताना मला नवं काहीच वाटलं नाही.

त्या दिवशी कचेरीतून बाहेर पडताना वडिलांनी तो तुकडा परत मागून घेतला. घरी आल्यावर मणी छाटून डब्यात टाकला.

"अन् ह्या तारंचं काय?" मी विचारलं.

"चांगली तार हाय. जोड बी चांगला हाय."

दुसऱ्या दिवशी हर्सूलच्या खांबावर चढून त्यांनी तोच तुकडा, त्याच जोडासकट, लाइनीत पुन्हा घातला. मी खाली उभा राहून बघत होतो. पुढं त्या रस्त्यानं सायकलवरून जाताना त्या जोडाखाली माझी मान आपोआप वर व्हायची.