मंदाताईंची रेघ

विश्रांतीची शिट्टी वाजली. टॅबलेटवर बबनरावांची रेघ हळूहळू खाली आली. त्यांच्या बायकोची, मंदाताईंची रेघ मात्र वरच.

तेलगावजवळच्या उसाच्या फडात आमचं सरकारी संशोधन चाललं होतं. उन्हात राबणाऱ्यांना अधूनमधून सावली, पाणी आणि विश्रांती दिली, तर चक्कर येणं, किडनीला इजा होणं टळतं का, एवढाच प्रश्न. मजुरांच्या छातीला बांधलेला पट्टा हृदयाचे ठोके मोजतो आणि स्क्रीनवर त्यांची रेघ उमटते.

मंदाताई आदल्या आठवड्यात फडातच कोसळल्या होत्या. मुकादमानं बजावलं होतं, "आता पडली तर टोळीतून बाहेर. माझी गाडी थांबायला न्हाई पायजे." तोडणीला नवरा-बायकोची जोडीच लागते. त्या गेल्या की बबनरावही गेलेच.

मला वाटलं, पट्टा बिघडलाय. दोघांच्या पट्ट्यांची अदलाबदल केली. पुढच्या शिट्टीला पुन्हा तेच. शेवटी मी उठून ताडपत्रीच्या सावलीत गेले. पुरुष पाय पसरून बसले होते. मंदाताई बांधावरून येत होत्या, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी.

"ताई, शिट्टी ऐकली नाहीत का?"

"ऐकली की. पर मी बसले तर पाणी कोण आणील, म्याडम? समद्यांना लई तहान लागलीय."

सकाळपासून ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, आणि आम्ही दिलेल्या सुट्टीत सगळ्यांसाठी पाणी वाहायचं. दवाखान्यात ट्रेडमिलवर धडधाकट माणसं "बास, बास" म्हणताना मी पाहिली आहेत. इथे ही बाई हसत हंडा उतरवत होती. मी थक्क झाले, आणि मला भीतीही वाटली.

संशोधनाच्या प्रमुख साहेबांना फोन लावला.

"सर, पाण्याचे जार जीपनं थेट सावलीत पोचवायला हवेत."

"प्रोटोकॉलमध्ये नाही ते."

"पाणी आहे, सर. ते कुणी आणायचं, तेवढं लिहिलेलं नाही."

"बरं. जीप न्या."

दुसऱ्या दिवशी शिट्टी झाली. मंदाताई आधी संकोचून टेकल्या, मग चक्क आडव्या झाल्या. रेघ उतरू लागली. उतरतच गेली. माझ्या अंगावर काटा आला. इतकं ओझं वाहिलेलं शरीर, जराशी सवड मिळाली की असं सावरतं!

संध्याकाळी मुकादम ट्रकभोवती एक फेरी मारून आला. ट्रक रोजच्यासारखाच भरला होता.

"म्याडम, जार उद्या बी येणार का?"

"येणार."

"मग ऱ्हाऊ द्या तिला टोळीत."

हंगाम संपेपर्यंत मंदाताई टोळीत होत्या. तेव्हापासून कुठल्याही कामावर विश्रांतीची सोय आहे असं कुणी सांगितलं, की त्या वेळात उभं कोण आहे, ते मी आधी बघते.