काकांनी निवडलेले टायर

जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ टायरमध्ये असतं, असं आमचे चुलत सासरे, म्हणजे काका, मानतात. उभा जन्म ट्रक चालवण्यात गेलेला. बारशाला गेले तर पाळण्याआधी अंगणातल्या गाड्यांची चाकं अंगठ्याने दाबून येतात. एकदा पुतणीला बघायला आलेलं स्थळ त्यांनी दारातूनच नापास केलं. "पोरगा बरा हाय, पन मागचा टायर पार गुळगुळीत. असा मानूस संसार काय सांभाळनार?"

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी मोटारसायकल शिकायला घेतली, तेव्हा घरात सगळे हसले. काका तेवढे हसले नाहीत. अलिबागहून मुरुड, मग हरिहरेश्वर, असं किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं माझ्या मनात होतं. गाडी जुनी, टायर झिजलेले. दुकानदाराने जाड दातांचे रांगडे टायर पुढे केले नि मी भाळलेच.

"वाघाच्या मागं जायचंय काय?" काका म्हणाले. "तू चालनार डांबरावर. ओल्या डांबरावर ह्ये दात धरत न्हाय. शिकनाऱ्याला पानी कापनारी खाच पायजे."

मग साध्याशा टायरांची जोडी त्यांनी निवडली. एकेकाचा वास घेतला, नखाने ओरखडून पाहिला, कडेवरचे चार आकडे वाचून तो कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात जन्मला ते सांगितलं. "शिळा न्हाय." एवढ्यावर संपलं नाही. नव्या टायरवर तुळतुळीत थर असतो, तो झिजेपर्यंत आठ दिवस गावातल्या सरळ रस्त्यावर मला जा-ये करायला लावली. रोज सकाळी, चाक थंड असताना, हवा तपासायला स्वतः हजर.

पक्कं लायसन्स मिळाल्यावर मी मुरुडला निघाले, तेव्हा काकी पाय ओढत बाहेर आल्या. "मी बसू तुझ्या मागं?" काकांचा चेहरा उतरला. ते दोन्ही चाकांभोवती फिरले, एवढंच म्हणाले, "हळू जा."

वाटेत एका वळणावर मासळीच्या टेम्पोतून पाणी सांडलं होतं. मागचं चाक किंचित सरकलं आणि चाकाने पुन्हा रस्ता धरला. काकींनी फक्त माझा खांदा घट्ट दाबला.

मुरुडला समुद्रासमोर बसल्यावर त्या बोलल्या. लग्नानंतर काकांकडे मोटारसायकल होती, काकी मागे बसायच्या. पावसात गुळगुळीत टायर घसरला, काकींचा पाय कायमचा अधू झाला. त्याच आठवड्यात काकांनी गाडी विकली.

"पायाचं मला काय वाटत न्हाय गं," काकी म्हणाल्या. "पन तीस वर्सं झाली, त्यांनी परत कदी 'बस मागं' म्हटलं न्हाय. मला किती आवडायचं, त्ये त्यांना ठावंच न्हाय."

परतलो तेव्हा काका फाटकात उभे होते. काकींनी माझ्या हातातली चावी घेऊन त्यांच्यापुढे धरली. "वेशीपर्यंत चला."

काकांनी वाकून दोन्ही चाकं अंगठ्याने दाबली. मग धोतराला हात पुसून त्यांनी चावी घेतली.