दुपट्ट्याखालची बोटं

खुशालराव म्हणजे बैलबाजारातले जुने दलाल. जन्मभर बिड्या ओढल्या, फुप्फुसांनी शेवटी हात टेकले, अन् गडी दीड वर्षापासून घरातल्या ऑक्सिजनच्या मशीनला बांधला गेला. नाकात नळी, अन् नळी तीस हात लांब. ती नळी म्हणजे पक्की चुगलखोर. खुशालराव लपूनछपून शेजारच्या ओट्यावर पत्ते कुटायला बसले, की दुर्गाबाई हाका मारत नसत. नळी धरून मागोमाग जात अन् नवऱ्याला घरी आणत. गावानं पोट धरून हसावं, दुसरं काय.

मग अकोल्याच्या लेकीनं, रागिणीनं, खांद्याला अडकवायचं बॅटरीवालं छोटं मशीन पाठवलं. ते पाहिल्याबरोबर खुशालराव म्हणाले, "मले चांदूर बाजारले जायचं हाय."

"दोन शब्द बोलाले दम पुरत नाही, अन् दलाली कराले निघाले," दुर्गाबाई म्हणाल्या.

"दलाली तोंडानं कोण करते? बोटानं करतेत."

हे मात्र खरं. बैलाचा भाव चारचौघांत बोलत नाहीत. हातावर दुपट्टा टाकायचा, त्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा, बाकीच्यांनी नुसती तोंडं पाहायची. दुर्गाबाईंनी मग अट घातली. "मी संग येईन. मशीन टीं टीं वाजलं का घरी पोचेपुरतीच बॅटरी राह्यते. तवा सौदा असंल तसा सोडून उठाचं. नाही उठले, तर बाजार कायमचा बंद."

खुशालरावांनी मान हलवली. बाजाराशिवाय माणूस घरात सुकत चालला होता, ते दुर्गाबाईंनाही दिसत होतंच की.

बाजारात शेजारच्या योगेशची बैलजोडी विकायची होती. घेणारे तेल्हाऱ्याचे डोमाजी, एक नंबरचे चिवट. दुपट्ट्याखाली हात गेले. खुशालराव बोट दाबत, डोमाजी झटकत. मशीन फुस्स फुस्स करत होतं, अन् बाजूला छत्री धरून दुर्गाबाई. बैलबाजारात बाईमाणूस ठाण मांडून बसलेलं पाहून बैलांपेक्षा गर्दी इकडंच जास्त. तासाभरानं गाडी अडली ती एका बोटावर, म्हणजे एका हजारावर. डोमाजी काही हलेनात.

अन् नेमकं तेव्हाच मशीन टीं टीं करू लागलं.

"उठा," दुर्गाबाई म्हणाल्या.

दीड वर्षानंतरचा पहिला सौदा, अन् एका बोटापायी जाणार. खुशालरावांचे डोळे भरून आले. पण आज बसलो तर पुन्हा येणं नाही, हे ते जाणून होते. हात सोडवून घेतला अन् उठले. मशीन खांद्याला अडकवलं.

या माणसाला सौद्यातून हात काढताना डोमाजींनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, दुसरं तगडं गिऱ्हाईक खुणावून राहिलं. त्यात बायकोही संग, म्हणजे हा ठरवूनच आला. त्यांनी लगबगीनं हात पुन्हा धरला अन् ते अडलेलं बोट दाबून टाकलं.

"मानलं बावा तुमाले," डोमाजी म्हणाले. "भाव वाढवाचं मशीन कुठून आणलं?"

घरी मोठ्या मशीनची नळी लावून देताना दुर्गाबाई म्हणाल्या, "झाली ना हौस आता?"

खुशालरावांनी बायकोचा पदर ओढून हातावर घेतला, त्याखाली तिचा हात धरला अन् चार बोटं दाबली. महिन्याचे चारही बाजार.

दुर्गाबाई काही उगाच दलालाची बायको नव्हत्या. त्यांनी एकच बोट दाबलं. खुशालराव तीनवर आले. त्या एकावरून हलेनात. खुशालरावांनी घरातली सगळी हवा खर्चून एक उसासा टाकला, अन् सौदा दोनवर पटला.

पटल्यावर हात सोडायचा असतो, ही बाजाराची रीत. पण दुर्गाबाईंना ते कोण सांगणार?